तापणारा एअर पंप: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात मत्स्यटाकीच्या पंपाची तपासणी आणि दुरुस्ती

ग्वाल्हेरमध्ये मे आणि जून या महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी लू (उष्ण कोरडा वारा) सुटते, संध्याकाळी आंधी येऊन घरभर धूळ बसते आणि मध्येच कधीतरी वीज जाते. मत्स्यटाकीला हवा पुरवणारा छोटा पंप मात्र या सगळ्यात दिवसाचे चोवीस तास चालू असतो. तो सर्वाधिक तापतो तेही याच दिवसांत आणि माशांना त्याची सर्वाधिक गरज असते तीही याच दिवसांत. पाणी तापले की त्यात विरघळू शकणारा प्राणवायू कमी होतो: २५ अंशांच्या गोड्या पाण्यात तो दर लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना जेमतेम ७. उलट माशांचा श्वसनाचा वेग तापमानाबरोबर वाढत जातो. त्यामुळे जानेवारीत बंद पडलेला पंप दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला तरी एक वेळ चालते; जूनमध्ये मासे तेवढी मुदत देत नाहीत.

ग्वाल्हेरच्या लश्कर या भागातील ओळखीच्या घरांतून आलेले बरेच पंप मी आजवर उघडून पाहिले आहेत. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की पंप तापतो तेव्हा दोष बहुतेक वेळा पंपाच्या पोटात नसून हवेच्या वाटेत किंवा पंपाच्या जागेत असतो. म्हणून तपासणी नेहमी बाहेरून आत करावी आणि स्क्रूड्रायव्हर सर्वात शेवटी हातात घ्यावा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: आधी माशांची सोय

तपासणीसाठी पंप तासभर बंद राहणार असेल, तर पाण्याची हालचाल चालू राहील अशी व्यवस्था आधी करावी. बुडबुड्यांमधून थेट पाण्यात मिसळणारी हवा थोडी असते. बुडबुडे वर येताना पृष्ठभाग ढवळतात आणि मुख्य काम तेथे होते. त्यामुळे टाकीत पाण्याचा फिल्टर असेल तर त्याचे तोंड वर वळवून पृष्ठभागावर धार पडेल असे करावे. तोही नसेल तर दर पाच-दहा मिनिटांनी टाकीतलेच पाणी मगाने घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतत राहावे. त्या दिवशी खाणे घालू नये, कारण पचनालाही प्राणवायू लागतो आणि उरलेले अन्न कुजताना तो आणखी खर्च होतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले असतील, तर पंपाची तपासणी बाजूला ठेवून आधी पाणी ढवळावे. ज्या घरात गोल्डफिशसारखे अंगाने भरलेले मासे दाटीने ठेवले आहेत, तेथे बॅटरीवर चालणारा एक लहान पंप असलाच पाहिजे असे मी आग्रहाने सांगतो.

पुष्कळ लोकांना वाटते की तापलेल्या पंपाची गरम हवा पाण्यात जाऊन टाकी गरम होते. हिशेब केला तर ही भीती निराधार ठरते. मिनिटाला ३ लिटर हवा पाण्यापेक्षा २० अंशांनी गरम आहे असे धरले, तरी ती मिनिटाला सुमारे ७२ ज्यूल उष्णता देते, आणि १०० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४ लाख १८ हजार ज्यूल लागतात. म्हणजे उष्णता कोठेही न जाता साठत गेली असे मानले तरी एका अंशाला चार दिवस लागतील. प्रत्यक्षात बुडबुड्यांमुळे होणारे बाष्पीभवन पाणी थंडच करते. पंपाच्या तापण्याची काळजी करायची ती पंपासाठी, घरातील वायरींसाठी आणि तो अचानक बंद पडू नये यासाठी.

दुसरी पायरी: तापला म्हणजे किती तापला

कोणताही विजेचा पंप चालू असताना कोमट राहणारच. पंप तासभर चालल्यावर, हात कोरडा करून, त्याच्या वरच्या पृष्ठभागावर तळहात ठेवावा. प्लास्टिकच्या लहान पंपावर हात निवांत ठेवता येत असेल तर काळजीचे कारण नाही. चार-पाच सेकंदांत हात उचलावासा वाटला तर तपासणी सुरू करावी. हात टेकवताच मागे घ्यावा लागला, प्लास्टिक पिवळे पडले असेल किंवा फुगले असेल, किंवा जळक्या वार्निशचा वास येत असेल, तर त्याच क्षणी भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा आणि पंप पुन्हा लावून पाहण्याचा मोह टाळावा.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. दुकानांतून आणि मोठ्या टाक्यांसाठी वापरले जाणारे, पितळी तोट्यांच्या पट्टीचे आणि पंख्यांसारख्या पट्ट्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या अंगाचे पंप दट्ट्याचे असतात. धातू उष्णता बाहेर टाकतो म्हणूनच तो हाताला कडक लागतो. तो अधिक गरम लागणे ही त्या रचनेची रीत आहे. अशा पंपाच्या बाबतीत हाताच्या अंदाजापेक्षा नेहमीच्या आणि आजच्या तापण्यातील फरक पाहावा.

तिसरी पायरी: पंपाची जागा

लहान पंपाच्या आत लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, तेवढ्याच वेगाने कॉइलसमोरचा चुंबक आणि त्याला धरून ठेवणारी दांडी मागेपुढे थरथरते. दांडीच्या मध्यावर अडकवलेला रबराचा पडदा, ज्याला डायफ्रॅम म्हणतात, तो भात्यासारखे काम करतो आणि दोन छोटे पापुद्र्याचे व्हॉल्व्ह हवा एकाच दिशेने सोडतात. या पंपाला पंखा नसतो. त्याला थंड ठेवणाऱ्या गोष्टी दोनच: सभोवतालची मोकळी हवा आणि पंपातून वाहणारी हवा. या दोहोंपैकी एक जरी अडली तरी तो तापणारच.

गेल्या जूनमध्ये आमच्याच आळीतील एका काकूंनी मला बोलावले. त्यांच्या नातवाची टाकी बैठकीत होती आणि पंप टाकीखालच्या लाकडी कपाटात, दार लावून ठेवलेला होता. रात्री त्याची घरघर काकांना सहन होत नाही म्हणून काकूंनी जुन्या गोधडीची चौघडी घालून तिच्यावर तो बसवला होता. दार उघडताच भट्टीसारखी ऊब तोंडावर आली. पंप उलटा केला तर तळाशी असलेली हवा आत घेण्याची जाळी गोधडीच्या तंतूंनी भरलेली होती आणि तिच्यामागचा नमद्याचा (दाबून केलेल्या जाड कापडाचा) तुकडा, जो मुळात पांढरा असतो, करडा होऊन घट्ट बसला होता. तो चिमट्याने ओढला तेव्हा अखंड निघालाच नाही, त्याचे पापुद्रे सुटत गेले. पंपाच्या यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. नमदा बदलला, पंप कपाटाबाहेर टाकीच्या काठाच्या वर एका खुंटीला टांगला, आणि तासाभराने काकूंनी स्वतः त्यावर हात ठेवून पाहिला.

म्हणून जागा ठरवताना पंपाच्या चारही बाजूंना निदान चार बोटे मोकळी हवा असावी, थेट ऊन नसावे, आणि खोलीत कूलर असेल तर त्याच्या झोताच्या वाटेत पण तुषार उडणार नाहीत इतक्या अंतरावर पंप असावा. खोली ४४ अंशांवर असताना बंद कपाटातील हवा त्याहून अधिक तापलेली असते आणि पंपाचे तापमान तिच्यावर आणखी वीस-तीस अंश चढते, हे गणित ध्यानात घेतले तर कपाटाचा विचार कोणी करणार नाही. आवाज कमी करायचा असेल तर पंप दोरीने टांगावा किंवा त्याच्या मूळच्या रबरी पायांवर जड फरशीच्या तुकड्यावर ठेवावा. कापडात गुंडाळू नये.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. वीज गेली की पाणी नळीतून उलटे खाली उतरून पंपात शिरू शकते. पंप खालीच ठेवणे भाग असेल तर नळीत एकदिशा व्हॉल्व्ह लावावा, आणि विजेची वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी झुकवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे थेंब सॉकेटपर्यंत पोहोचत नाहीत.

चौथी पायरी: हवेची वाट

सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. पंपाच्या लेबलावर दाब बहुधा मेगापास्कलमध्ये छापलेला असतो, ०.०१ मेगापास्कल म्हणजे सुमारे एक मीटर पाण्याचा दाब. लहान पंपाची क्षमता साधारण याच्या आसपास असते. टाकीची खोली ४० सेंटिमीटर असेल तर तेवढ्यातच बराच दाब खर्च होतो, आणि उरलेल्या दाबात हवेला नळी, तोटी, व्हॉल्व्ह आणि टाकीतल्या बुडबुड्यांच्या दगडाची सूक्ष्म छिद्रे पार करायची असतात. वाट आवळली गेली की हवेचा प्रवाह घटतो, आत अडकलेली हवा वारंवार दाबली जाऊन तापते, डायफ्रॅमवर ताण येतो आणि थंडावा देणारा प्रवाहही उरत नाही.

पहिली कसोटी अगदी साधी आहे. पंपाच्या तोंडापासून नळी काढून टाकावी आणि पंप मोकळाच तासभर चालू द्यावा. या काळात तो ठळकपणे निवला तर दोष पुढच्या वाटेत आहे. तसाच तापत राहिला तर दोष जागेत, आत येणाऱ्या जाळीत, विजेत किंवा यंत्रात आहे. या एका कसोटीने निम्मे काम होते आणि तिला कोणतेही हत्यार लागत नाही.

पुढची वाट शोधताना टाकीच्या टोकाकडून सुरुवात करावी. एअर स्टोन, म्हणजे बुडबुड्यांचा दगड, काढून नळीचे उघडे टोक तेवढ्याच खोलीवर धरावे. आता जोरदार बुडबुडे आले तर दगडच तुंबलेला आहे. ग्वाल्हेरमध्ये उन्हाळ्यात नळाला येणारे तिघरा धरणाचे पाणी कमी पडले की लोक बोअरचे पाणी टाकीत घालतात, आणि जड पाण्यातील चुना दगडाच्या छिद्रांत पांढऱ्या खपलीच्या रूपात बसतो. त्यावर शेवाळ आणि बुळबुळीत थर चढतो. काढलेला दगड वाळवून तोंडाने फुंकून पाहावा. गाल दुखेपर्यंत फुंकूनही हवा जात नसेल तर पंपाला किती ओझे होत असेल हे वेगळे सांगायला नको.

दगड स्वच्छ करायचा असेल तर तो काही तास व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून ठेवावा. चुना विरघळताना बारीक फेस येतो. फेस थांबला की वाहत्या पाण्याखाली धुऊन, साध्या पाण्यात रात्रभर ठेवून, पूर्ण वाळवून मगच वापरावा. शेवाळ काढण्यासाठी कोणी ब्लीच वापरत असेल तर त्याची आम्लाशी कधीही गाठ पडू देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. वाळू चिकटवून केलेला स्वस्त दगड अंगठ्याने घासला असता कण सुटू लागले, तर तो धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावा. माझ्या मते उन्हाळ्याच्या तोंडाशी दगड बदलणे हीच पंपाची सर्वात स्वस्त दुरुस्ती आहे.

दगड चांगला असेल तर एकदिशा व्हॉल्व्ह तपासावा. त्यावरील बाणाची दिशा टाकीकडे असली पाहिजे. तो सुटा करून बाणाच्या दिशेने हळूच फुंकले की हवा सहज गेली पाहिजे आणि उलट दिशेने अजिबात जाता कामा नये. आतला रबरी पापुद्रा उष्णतेने चिकटतो किंवा ताठर होतो. तसे झाले असल्यास नवा लावावा. नळी टाकीच्या काठावर मुडपली आहे का, टाकीच्या झाकणाखाली चेपली आहे का, उन्हाने पिवळी आणि कडक झाली आहे का, हेही पाहावे.

बुडबुडे फार जोरात येतात म्हणून तोटी आवळण्याची सवय पुष्कळांना असते. ती पंपाला घातक आहे, विशेषतः दट्ट्याच्या पंपाला. जास्तीची हवा कोंडू नये, तिला बाहेर जाण्याची वाट द्यावी. नळीत तिहेरी जोड बसवून एक फाटा उघड्या हवेत सोडावा आणि तोटी त्या फाट्यावर लावावी. ती जितकी उघडाल तितके टाकीतील बुडबुडे कमी होतील आणि पंपावर ताण येणार नाही.

शेवटी आत येणाऱ्या हवेची जाळी पाहावी. ती बहुधा तळाशी असते आणि तिच्यामागे नमद्याची किंवा स्पंजची चकती असते. आंधीच्या दिवसांत ती महिन्यातून एकदा काढून झटकावी, स्पंज असल्यास धुऊन पूर्ण वाळवावा. चकती काढून पंप तसाच चालवण्याचा सल्ला मला मान्य नाही, कारण मग धूळ थेट व्हॉल्व्हवर बसते.

हवेचा प्रवाह मोजण्याची एक घरगुती पद्धत आहे. एक लिटरची बाटली पाण्याने काठोकाठ भरून बादलीतील पाण्यात उपडी धरावी, नळीचे टोक तिच्या तोंडात घालावे आणि बाटलीतील पाणी पूर्ण बाहेर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहावे. २० सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला ३ लिटर आहे. लेबलावरील आकडा कोणताही दाब नसतानाचा असतो, म्हणून प्रत्यक्षात तेवढा प्रवाह मिळणार नाही. परंतु पंप नवा असतानाचा आपला आकडा लिहून ठेवला असेल तर पुढे तुलना करता येते.

पाचवी पायरी: वीज

घरगुती विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट असून त्यात वर-खाली १० टक्के चढउतार धरलेला आहे, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट. कॉइलमधील उष्णता साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० टक्के जास्त व्होल्टेजला ती सुमारे २१ टक्के जास्त होते, आणि गाभ्याची चुंबकत्व सामावण्याची मर्यादा आली की याहूनही अधिक. पहाटे मागणी कमी असताना व्होल्टेज चढते. पंप नेमका त्याच वेळी जास्त घरघरत असेल तर मल्टिमीटरने किंवा सॉकेटमध्ये बसणाऱ्या मीटरने मोजून खात्री करावी. कमी व्होल्टेजने फ्रिजची मोटर धोक्यात येते, हा अनुभव येथे तसाच लागू होत नाही. थरथरणारा पंप कमी व्होल्टेजला मुख्यतः दुबळा पडतो.

इन्व्हर्टरकडे मात्र बारकाईने पाहावे. स्वस्त इन्व्हर्टरची वीज शुद्ध लहरीची नसून चौकोनी पायऱ्यांची असते. तिच्यावर हा पंप वेगळ्याच सुरात गुणगुणतो आणि अधिक तापतो. वीज गेल्यावर पंपाचा आवाज कर्कश होत असेल तर त्याला शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर द्यावा किंवा तेवढा वेळ बॅटरीचा पंप लावावा. परदेशातील नातेवाइकांनी आणलेला पंप वापरण्यापूर्वी लेबल वाचावे: अमेरिकेतील पंप १२० व्होल्ट आणि ६० आवर्तनांचा असतो, तो आपल्या सॉकेटवर थेट लावला तर जळतो, आणि ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० आवर्तनांवर जास्त तापतो. दोन पिनांचा सैल प्लग आणि जुनी एक्स्टेन्शनची पट्टी हेही तपासावे. काही वेळा तापलेला असतो तो पंप नव्हे, प्लग. पाण्याजवळच्या सॉकेटला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे ब्रेकर असावे.

सहावी पायरी: पंप उघडणे

एवढे करूनही पंप तापत असेल तर प्लग काढून, पंप निववून, तळाचे स्क्रू काढावेत. उघडताच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण पडद्याची आणि व्हॉल्व्हची दिशा नंतर आठवत नाही. डायफ्रॅम दोन बोटांनी वाकवून प्रकाशासमोर धरावा. घडीपाशी केसाएवढी चीर असेल किंवा रबर चामड्यासारखे ताठ झाले असेल, तर बदलावा. दोन्ही व्हॉल्व्हचे पापुद्रे सपाट बसतात का, त्यांच्याखाली धूळ आहे का, ते पाहून कोरड्या मऊ कुंचल्याने साफ करावेत. दांडीवरील चुंबक कॉइलच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असावा. तो एका बाजूला झुकून गाभ्यावर आपटत असेल तर कर्कश खडखड येते, हवा कमी मिळते आणि उष्णता वाढते. बहुतेक वेळा डायफ्रॅम वाकडा बसल्यानेच असे होते.

आत कोठेही तेल घालू नये. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचे तेल रबर फुगवते आणि त्याचा अंश हवेबरोबर पाण्यात जाऊन पृष्ठभागावर तवंग धरतो. दट्ट्याचे पंपही बिनतेलाचे असतात. त्यांचा दट्ट्या झिजला असेल तर सुटा भाग मिळतो का ते पाहावे, तेलाने तो सुधारत नाही.

सातवी पायरी: कॉइल

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांना कॉइलचे खरे तापमान बाहेरूनच काढता येते. हवा कमीजास्त करण्याचे इलेक्ट्रॉनिक बटण नसलेल्या पंपाचा प्लग काढून, पंप पूर्ण थंड असताना, प्लगच्या दोन पिनांमधील रोध मोजून लिहावा. मग पंप दोन तास चालवावा, प्लग काढताच पुन्हा मोजावे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरावीक दराने वाढतो: १० टक्के वाढ म्हणजे कॉइल सुमारे २५ ते २७ अंशांनी तापली. ३० टक्के वाढ दिसली आणि खोली ४० अंशांवर असेल, तर कॉइल १२० अंशांच्या आसपास पोहोचली आहे. सामान्य इन्सुलेशनची मर्यादा १०५ ते १३० अंश असते आणि तिच्यापुढे दर १० अंशांना आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे. असा पंप टाकीवर ठेवू नये.

मीटरवर रोध अनंत दिसला तर तार तुटली आहे किंवा आतला थर्मल फ्यूज उडाला आहे. तो फ्यूज तारेने जोडून पंप चालू करण्याचे धाडस कोणी करू नये; घर बंद असताना आग लागू नये म्हणूनच तो तेथे बसवलेला असतो. कॉइलवरील वार्निश काळे पडले असेल तर नवा पंप घ्यावा. घेताना एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप घेणे मला अधिक पटते. दोघांच्या नळ्यांत स्वतंत्र एकदिशा व्हॉल्व्ह लावून ते बारा-बारा तास आलटून पालटून चालवले तर प्रत्येकाला निवायला वेळ मिळतो, आणि एक बंद पडला तरी मासे दुसऱ्यावर निभावून नेतात.

जोडणी झाल्यावर पंप पहिले दोन तास नजरेसमोर चालवावा, अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी हात लावून पाहावा, बाटलीने प्रवाह मोजावा आणि तो आकडा, दगड बदलल्याची तारीख व थंड कॉइलचा रोध एका चिठ्ठीवर लिहून ती टाकीच्या मागच्या काचेवर बाहेरून चिकटवावी.